न वाजणारी बाटली

सईची पाण्याची बाटली रोज संध्याकाळी भरलेली परत येत होती, आणि हे मला कळायला दोन महिने लागले. एकोणीस वर्षं मी पाणीखात्यात चावीवाला होतो. रस्त्यातलं झाकण उचलायचं, आत चावी घालून व्हॉल्व फिरवायचा, मग लोखंडी सळईचं एक टोक पाइपावर आणि दुसरं कानाला लावून पाणी सुटलं की नाही ते ऐकायचं, हे माझं काम. मालाडच्या टेकडीपासून खाली दिंडोशीच्या वसाहतींपर्यंत कुठल्या गल्लीत किती वाजता पाणी पोचतं ते मी झोपेतही सांगितलं असतं. आणि माझ्याच खांद्यावरच्या दप्तरातली बाटली वाजत नाही, हे माझ्या कानांना कळलं नाही.

दप्तर जड लागायचं. मला वाटायचं, पुस्तकं. हल्ली पोरांना पुस्तकं फार असतात असं सगळेच म्हणतात, म्हणून मीही म्हणायचो.

सई सात वर्षांची, दुसरीत. माझ्या मुलाची, सुबोधची, एकुलती एक. सुबोध सकाळी सातला निघतो तो नऊशिवाय घरी येत नाही. सून रुचिरा मालाडला एका कंपनीत आहे, तिलाही घरी यायला सात वाजतात. बायको जाऊन सहा वर्षं झाली. म्हणजे दुपारी शाळा सुटल्यावर घरात मी आणि सई. पहिलीचं वर्ष आम्ही तसंच काढलं. डाळ-भात जेवायचो, झोपायचो, उठून पत्ते खेळायचो. पण तिची शाळा इंग्रजी. मला अक्षरओळख झाली तीच बेचाळिसाव्या वर्षी, आणि तीही मराठीची. खात्यातल्या एका क्लार्कने जेवणाच्या सुट्टीत रोज पाटी गिरवून घेतली म्हणून झाली. सईच्या वहीतलं मला काही लागत नसे. पहिलीच्या शेवटी तिच्या बाईंनी वहीत लाल शाईने काहीतरी लिहून पाठवलं, रुचिराने ते दोनदा वाचलं, आणि जूनपासून सईला क्लबात घालायचं ठरलं.

"बाबा, तुमच्यावर काही नाही," रुचिरा म्हणाली. "पण होमवर्क बुडतोय ना."

खरं होतं ते. मी हो म्हटलं.

क्लब म्हणजे आमच्या वसाहतीच्या टोकाला, एका इमारतीच्या तळमजल्यावरचे दोन गाळे एकत्र केलेले. बाहेरच्या भिंतीवर फुलपाखरं रंगवलेली. नाव 'फुलबाग'. शाळा सुटली की त्यांची गाडी मुलांना घेऊन यायची. मग जेवण, अभ्यास, चित्रं, गाणी, आणि साडेसहाला आपण जाऊन आणायचं. चौतीस मुलं. चालवणाऱ्या शर्मिष्ठा मॅडम पन्नाशीच्या, नीटनेटक्या, बोलायला गोड. हाताखाली अभ्यास घेणारी एक मुलगी, आणि जोसेफीन. जोसेफीन मालाडच्या जुन्या गावठाणातली, साठीला आलेली. वाढणं, उष्टं काढणं, झाडू, फरशी, मुलांची शी-शू, सगळं तिच्याकडे.

आणि तिथे स्टार मिळायचा.

सुटताना शहाण्या मुलांच्या हातावर सोनेरी स्टार चिकटवला जायचा. सईला पहिल्या आठवड्यात दोन मिळाले, मग तीन, मग रोज. मी तो तिच्या मनगटावरून अलगद काढायचो आणि कपाटाच्या दारावर लावायचो, ओळीने. पाच झाले की नाक्यावर जाऊन मलई कुल्फी. हे मीच ठरवलं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

"कशाचा गं हा स्टार?" मी एकदा विचारलंही होतं.

"त्रास नाही दिला की मिळतो."

"मग तुला रोजच मिळणार."

आमच्यात पोराचं याहून मोठं कौतुक नाही. आम्ही दहा बाय दहाच्या खोलीत नऊ माणसं वाढलो. तिथे पोर हुशार आहे का, गाणं म्हणतं का, हे कोणी विचारत नसे. त्याचा कोणाला त्रास नाही ना, एवढंच बघत. श्रावणात माझ्या बहिणीकडे, रत्नप्रभाकडे, भांडुपला सत्यनारायण होता. सई अडीच तास मांडी घालून बसली. हलली नाही, उठली नाही, काही मागितलं नाही. रत्नप्रभा सगळ्यांसमोर म्हणाली, "बघा गो, पोर आसा तर अशी. नायतर आमची बघा." माझी मान ताठ झाली. सईच्या कपाळावर घाम होता तो मी पाहिला होता. पंखा लांब आहे म्हणून असेल, असं मनाशी म्हटलं आणि प्रसाद खाल्ला.

त्यानंतर आठवड्यानेच तिला ताप भरला. दोन दिवस औषध देऊनही उतरेना. तिसऱ्या दिवशी ती पोट धरून रडायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी लघवी तपासायला लावली. त्यात निघालं. लघवीच्या मार्गाला इन्फेक्शन.

"पाणी किती पिते?" डॉक्टरांनी विचारलं.

"भरपूर पिते," रुचिरा म्हणाली. "मोठी बाटली भरून नेते रोज."

"नेते. पिते का?"

रुचिराने माझ्याकडे बघितलं. मी सईकडे बघितलं. सई जमिनीकडे बघत होती.

पाच दिवस ती घरी राहिली. सहाव्या दिवशी रुचिराची रजा संपली आणि सई पुन्हा क्लबात गेली. संध्याकाळी मी तिला आणायला गेलो, दप्तर खांद्यावर घेतलं आणि दोन पावलं चालून थांबलो. बाजूच्या कप्प्यातून बाटली काढली. कानाशी धरून हलवली.

अर्धी बाटली वाजते. पाऊण बाटलीही वाजते. तोंडापर्यंत भरलेली वाजत नाही. ती नुसती जड असते.

मी तिला वसाहतीच्या कट्ट्यावर बसवलं. "सई, आज पाणी का नाही प्यायलीस?"

"तहान नाही लागली."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

तिच्या मनगटावर स्टार होता. दुसऱ्या हाताने तो दाबून दाबून बसवत होती.

"आजोबा, पाणी प्यायलं की शू लागते," ती म्हणाली. "शू ला गेलं की स्टार जातो."

"कोण म्हणतं असं?"

"सगळ्यांना माहितेय. एकदा गेलं तर चालतं, जेवणानंतर, लाइनमध्ये. नंतर विचारलं तर तो त्रास असतो." मग थोडं थांबून माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि कुल्फी पण जाते ना."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ ऐकून घेतलं आहे. साहेबांचं, नळावर भांडणाऱ्या लोकांचं, युनियनवाल्यांचं. सळई डोक्यात घालीन म्हणणारेही भेटले. पण त्या कट्ट्यावर त्या पोरीने जे सांगितलं तसं कोणी मला मारलं नाही. क्लबातल्या बाईने नियम केला होता. त्यावर बक्षीस मी लावलं होतं. कपाटाच्या दारावर मी स्वतःच्या हाताने लावलेल्या ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीमागे एक एक आठवडा ती पोर ओठ कोरडे ठेवून, गुडघे जुळवून बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी साडेसहाची वाट बघितली नाही. चार वाजता क्लबाच्या दारात उभा राहिलो.

मुलं सतरंजीवर ओळीत बसून लिहीत होती. एवढी पोरं आणि आवाज नाही. आधी मला या शांततेचं किती कौतुक वाटायचं. आता बघितलं तर दुसऱ्या ओळीतली एक मुलगी टाचेवर बसून पुढेमागे डुलत होती. बाटल्या सगळ्या दाराजवळच्या फळीवर, उंच, मुलांचा हात पोचणार नाही अशा.

शर्मिष्ठा मॅडमनी मला टेबलाजवळ खुर्ची दिली. मी बसलो नाही.

"मॅडम, मुलांना दुपारी शू ला का जाऊ देत नाही?"

"असं कोण म्हणालं, काका? जेवणानंतर नेतो ना आम्ही सगळ्यांना."

"ते दोन वाजता. मी आणायला येतो साडेसहाला."

"मुलांना कंट्रोलची सवय लागते. पुढे शाळेत, परीक्षेत उपयोग होतो." मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि खरं सांगू का? इथे दुपारी पाणीच नसतं. गाळ्याचं कनेक्शन थेट लाइनीवर आहे, टाकी नाही. पाणी येतं संध्याकाळी सातला. मी चौतीस मुलांची घाण ठेवू का तशीच? हायजीनचा प्रश्न आहे. तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मॅडम, या गल्लीची चावी मी एकोणीस वर्षं फिरवली," मी म्हटलं. "या लाइनीला पावणेचारला पाणी सोडतात. माझ्या आधीपासून सोडतात, आजही सोडतात. इथे पोचायला दहा मिनिटं लागतात, कारण वळणावर सहा इंची पाइप चार इंचीला जोडलाय. सातला पाणी येत नाही, सातला जातं."

त्या हसल्या. म्हातारा माणूस आहे, बोलू दे, असं. मी त्यांच्या मागच्या बेसिनचा नळ फिरवला. पाणी असं सुटलं की टेबलावरच्या कागदांवर शिंतोडे उडाले. ओळीतल्या सगळ्या मुलांनी माना वर केल्या. पाण्याच्या आवाजाने असं बघणारी पोरं मी फक्त टँकरच्या मागे पळणाऱ्या वस्त्यांमध्ये पाहिली होती.

"आज आलं असेल लवकर," मॅडम म्हणाल्या आणि नळ बंद केला.

"आणि संडासाला कुलूप कशाला?"

मागच्या बाजूला दोन दरवाजे होते. एकाला कुलूप. दुसरा उघडा, पण आत थर्माकोलचे डोंगर, कागदी फुलं आणि गॅदरिंगचे कपडे छतापर्यंत भरलेले.

"काका, प्रॅक्टिकल बोलू या," त्यांच्या आवाजातला गोडवा आता संपला होता. "एक गेलं की दहा उठतात. एकेकाला पाच मिनिटं धरा. माझ्याकडे एक जोसेफीन आहे. ती त्यांच्या मागे फिरली तर बाकीचं कोण करणार? आणि अभ्यास कधी होणार? पालक मला वही दाखवायला सांगतात. आजपर्यंत एकाही पालकाने मला विचारलं नाही की मूल किती वेळा शू ला गेलं. तुमच्या सुनेनेही नाही. तुम्हीही नाही."

यातलं शेवटचं खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी काही न बोलता बाहेर पडलो. बोललो असतो तर ओरडलो असतो, आणि सई समोर बसली होती.

जोसेफीन कचऱ्याची बादली घेऊन माझ्या मागून बाहेर आली. बादली ठेवण्याचं निमित्त करून वाकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "काका, किल्ली मॅडमच्या पर्समध्ये असते. मी पण मागायची. मग मी पण सोडलं. जेवणानंतर मी पाण्याला तोंड लावत नाय."

"तुमचं वय काय, बाई?"

"माझं नाव घेऊ नका हा कुठे," ती म्हणाली आणि आत गेली.

मी घरी पोचायच्या आधी मॅडमचा मेसेज रुचिराला पोचला होता. तुमच्या सासऱ्यांनी येऊन मुलांना डिस्टर्ब केलं, असा. रुचिरा सातला आली ती चप्पल काढताना बोलायला लागली.

"तुम्ही भांडून आलात?"

"विचारून आलो."

मी सगळं सांगितलं. ती भेंडी चिरत ऐकत होती. सई आतल्या खोलीत होती.

"बरं. मग काढू तिला तिथून?" रुचिरा म्हणाली. "आणि ठेवू कुठे? दुसरीकडे टीव्हीसमोर बसवून ठेवतात, ते मी बघून आलेय. तिसरीकडे वेटिंग आहे. घरी ठेवू? तुम्ही घेणार इंग्लिशचा अभ्यास?"

हे बोलून गेल्यावर तिलाही लागलं असावं, कारण सुरी जरा थांबली. पण तिने शब्द मागे घेतला नाही.

"सात वर्षांची पोर लघवी दाबून बसते, रुचिरा."

"मी पण बसते," ती म्हणाली. "आमच्या मजल्यावरचं लेडीज टॉयलेट मार्चपासून बंद आहे. खाली जायचं तर टीम लीडरला सांगून जावं लागतं, आणि तो घड्याळ बघतो. मी लंचनंतर पाणी पीत नाही. सगळ्याच जणी तेच करतात. मेलं का कोणी त्याने?"

भेंडीचे तुकडे ताटलीत पडत होते. मला बायको आठवली. चाळीत सकाळी साडेचारला उठायची, अंधारात जाऊन यायची आणि मग दिवसभर नाही. चहासुद्धा अर्धा कप घ्यायची. सवय आहे तिची, असं मी लोकांना सांगायचो. अख्ख्या टेकडीला पाणी सोडणारा माणूस मी, आणि बायको तहानलेली का असते हे तिला कधी विचारलं नाही.

"तू सहन करतेस म्हणून तिनेही करायचं का?" मी म्हटलं.

"बाबा, प्लीज. उद्या तिथे काही करू नका. माझ्यावर उपकार करा."

मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. साडेसहाला क्लबाच्या बाहेर नेहमीसारखी गर्दी होती. मुलं एकेक करून बाहेर येत होती, पालक मोबाइलवर बोलत दप्तर घेत होते. माझ्या शेजारी जॉनी उभा होता. छोट्या नादियाचा बाप, गॅरेजवाला, तोंडओळखीचा.

"जॉनी, नादियाची बाटली हलव बघू."

"काय?"

"हलव. कानाशी धर."

त्याने हलवली. "फुल आहे," तो म्हणाला. "मग?"

"सकाळी कोणी भरली?"

"मीच."

त्याने नादियाकडे बघितलं, मग पुन्हा बाटलीकडे. पुढच्या बाईने न सांगताच आपल्या मुलीची बाटली काढली. सपना तिचं नाव, तिची जान्हवी सईच्या वर्गात. ती म्हणाली, "आमची पण भरलेली. मला वाटलं, इथे दुसरं फिल्टरचं पाणी देतात." तिच्या मागच्याने आपली काढली. दहा-बारा माणसं ऑफिसच्या बॅगा काखेत मारून बाटल्या कानाशी धरून उभी होती, आणि एकही वाजत नव्हती.

"काय चाललंय हे?" शर्मिष्ठा मॅडम दारात आल्या.

"मुलं पाणी पीत नाहीत, मॅडम," जॉनी म्हणाला. "का पीत नाहीत?"

"कोणी अडवलंय त्यांना? मुलंच आहेत, खेळात विसरतात." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, मग आत हाक मारली. "सई बेटा, इकडे ये. घाबरू नको. सगळ्यांना सांग, आम्ही तुला पाणी पिऊ देत नाही का?"

सई दारात येऊन उभी राहिली. एवढी माणसं. तिने मला शोधलं.

"देता," ती म्हणाली.

"आणि शू ला?"

"देता."

"कधी रागावलो आम्ही?"

"नाही."

"व्हेरी गुड." मॅडमनी खिशातून स्टारची पट्टी काढली आणि सगळ्यांसमोर तिच्या मनगटावर स्टार लावला. सईने मान वर करून माझ्याकडे बघितलं. पोरगी वाट बघत होती. रोजच्यासारखी. मी शाबास म्हणायची.

काही पालकांनी बाटल्या दप्तरात परत घातल्या. कोणीतरी हसलं. एक जण म्हणाला, "आजोबा, जाऊ द्या ना, उशीर होतोय."

त्या क्षणी मी त्या बाईला काय केलं असतं ते मी लिहीत नाही. मी खाली बसलो, गुडघ्यावर, सईच्या उंचीला. तिच्या दप्तरातून बाटली काढली, झाकण उघडलं आणि तिच्या पुढे धरली.

"पी."

ती पुढे झाली. ओठ बाटलीला लागले. आणि तिने मान वळवून मॅडमकडे बघितलं.

एवढंच. पाणी तोंडाशी आलेलं, आणि पोर परवानगी बघत होती. तिने घोट घेतला नाही. बाटली हातात धरून उभी राहिली, ओठ ओले, गळा हलत नव्हता.

आता कोणी हसलं नाही. सपनाने हात जान्हवीच्या डोक्यावर ठेवला. मॅडम म्हणाल्या, "अगं पी ना, बेटा," तेव्हा सईने दोन घोट घेतले, आणि ते ऐकून जॉनीने एक शिवी दिली, हळू, पण सगळ्यांना ऐकू गेली.

गर्दीच्या मागून रुचिरा पुढे आली. मी काही करीन या भीतीने ती लवकर सुटून आली होती. मला ओढून घरी न्यायलाच आली होती, हे तिने नंतर सांगितलं. तिने सईच्या हातातून बाटली घेतली. मला वाटलं, झाकण लावून दप्तरात टाकेल. तिने बाटली तोंडाला लावली आणि उभ्या उभ्या प्यायला लागली. थांबली नाही. घोट घोट नाही, एखाद्या उन्हात राबून आलेल्या माणसासारखी, अर्धी बाटली संपेपर्यंत. मग पदराने नाही, ऑफिसच्या शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"मॅडम, मला टॉयलेटला जायचंय," ती म्हणाली.

"आता? इथे?"

"हो. लागलीय मला. सकाळपासून गेले नाही."

भर रस्त्यात, परक्या पुरुषांसमोर आमच्या घरातली बाई हे बोलेल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. मॅडम काही पुटपुटल्या, लेडीज टॉयलेट नाहीये, मुलांचं आहे. रुचिरा जागची हलली नाही. "किल्ली द्या," ती म्हणाली.

किल्ली पर्समधूनच निघाली. रुचिरा आत गेली. कुलूप उघडल्याचा आवाज बाहेर सगळ्यांना आला. ती परत आली तेव्हा कुलूप तिच्या हातात होतं. ते तिने मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

मग कोणाच्या तरी मागून बारीक आवाज आला. "मला पण." जॉनीची नादिया होती. जॉनीने तिला आत नेलं. मग जान्हवी. मग दुसऱ्या ओळीत डुलणारी ती मुलगी, जिचं नावही मला माहीत नाही. साडेसहाला सुटलेली मुलं सात वाजेपर्यंत रांगेत उभी होती आणि त्यांचे आईबाप, ज्यांना उशीर होत होता, ते भिंतीच्या फुलपाखरांना टेकून उभे होते. जोसेफीन संडासाच्या दारात बादलीने पाणी ओतत होती. तिने मान वर केली नाही.

सई रांगेत उभी राहिली नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "मला नाही लागली." मनगट मागे धरून.

यानंतर सगळं ठीक झालं असं मी लिहिलं असतं, पण तसं झालं नाही. एकाही पालकाने मूल काढलं नाही. आम्हीही नाही, ठेवायला जागा नाही हे रुचिराचं म्हणणं खरंच होतं. कुलूप गेलं, थर्माकोल हलला, बाटल्यांची फळी खाली आली, स्टार आता स्पेलिंगवर मिळतो. शर्मिष्ठा मॅडम मला बघून नमस्कार करत नाहीत. जोसेफीनला त्यांनी पंधरा दिवसांनी काढलं, कारण सांगितलं नाही. तिचं नाव मी कुठेही घेतलं नव्हतं. तरी ते माझ्याच खात्यावर. मी आता रोज चार वाजता क्लबाच्या दारात दहा मिनिटं उभा राहतो. बोलत नाही. नुसता उभा राहतो. त्यांना त्रास होतो, हे मला दिसतं.

कपाटाच्या दारावरचे स्टार मी पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढले. सई रडली. "माझे आहेत ते," म्हणाली. मी तिला सांगायचा प्रयत्न केला की चूक तिची नव्हती, माझी होती. तिला ते पटलं नाही. तिच्या दृष्टीने मी तिची कमाई फेकली. घरीही ती पाणी पिण्याआधी कोणाकडे तरी बघायची. मी नजर दुसरीकडे फिरवायला शिकलो.

गणपतीला यंदा गावी जाणं झालं नाही म्हणून आम्ही भांडुपला रत्नप्रभाकडे गेलो. तिची खोली लहान. संध्याकाळच्या आरतीला वीसएक माणसं, मांडीला मांडी लावून, काही उभी, दारात पण माणसं. बाहेर पडायचं तर अर्ध्या खोलीने उठायचं. माझ्या हातात टाळ. दुसरी आरती अर्ध्यावर आली होती, आणि सईने माझा सदरा ओढला.

ती काही बोलली. टाळ-झांजांत ऐकू आलं नाही. मी खाली वाकलो.

"मला शू ला जायचंय," ती म्हणाली. आणि मग, मी काही म्हणण्याआधी, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आत्ता."

मी टाळ थांबवला. बाकीचे एकेक करून थांबले.

"काय झाला रे, दादा?" रत्नप्रभा म्हणाली. "आरती अर्धी टाकून खंय चललंस?"

"पोरीला जायचंय."

"दोन मिनिटां थांबाक सांग तिका. काय वळण नाय? श्रावणात कशी गप बसलली."

"ती आता थांबणार नाही," मी म्हटलं. "उठा सगळे. गणपती थांबेल."

रत्नप्रभाचं तोंड वाईट झालं. तिच्या नवऱ्याने आरतीचं तबक धरून ठेवलं होतं, तो निरांजनाकडे बघत राहिला. पण बायका उठल्या, पुरुष उठले, दारातले बाहेर गेले, चपलांवर पाय पडले, कोणीतरी कुरकुरलं. एवढ्या माणसांना त्रास देऊन सई मधून चालत गेली. कोणाकडेही न बघता.

मी बाथरूमच्या दाराबाहेर उभा राहिलो. आतून पाण्याचा आवाज येईपर्यंत.